मोटर गप्प आहे

पोलादपूरजवळच्या बंधाऱ्यावर पासष्ट साली नवी मोटर बसली. पाण्यावर तरंगणारं पिंप जेवढं वर चढेल, तेवढाच ती दरवाजा उघडायची. पिंप थांबलं की जागच्या जागी थांबायची, बोटभरही पुढे जायची नाही. राखणदार कुशाबाचा तिच्यावर देवासारखा भरवसा.

श्रावणात डोंगरावर पावसाची धार तुटेना, तरी कुशाबा काठावरच्या खोपीत निवांत विडी ओढत बसला. "मोटर गप्प हाय, म्हंजे पाणी चढलेलं नाय," तो बायकोला, तुळसाला म्हणाला. ओट्याखाली चुबुकचुबुक झालं, तेव्हा त्याने कुत्र्याला हाड् केलं.

तुळसाने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.


"पिंपाची बी काळजी नको, अवो. पुरात वाहून जाईल म्हणून सकाळीच वासराच्या दाव्यानं काठच्या खुंट्याला गच्च आवळलंय मी."