सुसाट चौक

वाहतूक विभागातल्या इंजिनीअरबाईंनी महिनोन्महिने कॉम्प्युटरवर खोट्या गाड्या पळवून घराजवळच्या चौकातल्या सिग्नलच्या वेळा नव्याने बसवल्या. आज त्या लागू झाल्या. संध्याकाळी चौकातून येताना बाईंचा पाय ब्रेकला म्हणून लागला नाही. स्वारी खुशीत घरी पोचली, तर दाराला कुलूप. त्यांनी आईला फोन लावला.

"आई, आहेस कुठे? चल, चौकातून एक चक्कर मारून आणते. लेकीची करामत बघ तरी."

"बघतेय की मघापासून. भाजी घेऊन चौकातच उभी आहे, पण रस्ता ओलांडायला गाड्या थांबतील तर ना! तू गेलीस तेव्हा हातसुद्धा केला होता."