दीड चमचा

"आता सही तेवढी करा, नवांगजी," उत्तरेकडच्या देशाचा राजदूत म्हणाला. दोन वर्षांनी खोऱ्यात सार्वमत, मग स्वातंत्र्य. तोवर उत्तर आणि दक्षिण, दोन्ही शेजारी देशांच्या फौजा खोऱ्यातच राहणार, असा करार होता.

नवांगच्या मनात सकाळपासून पाल चुकचुकत होती. हे दोन्ही देश गेली अकरा वर्षं खोऱ्यावरून भांडत होते. त्यांच्या राजदूतांनी बाहेर पत्रकारांना सांगितलं होतं, की आम्ही एकमेकांचं तोंडही आजच पाहतोय. सकाळभर टेबलावर मुठी आपटून झाल्या आणि जेवणानंतर दोघांचं अचानक एकमत झालं.

चहा आला. बोलता बोलता उत्तरेच्या राजदूताने दक्षिणेच्या राजदूत बाईंचा कप ओढला, दीड चमचा साखर घातली आणि ढवळून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी कागदावरची नजर न काढता घोट घेतला.

खोऱ्याचा पुढारी होण्याआधी नवांगने वीस वर्षं घाटात चहाचं दुकान चालवलं होतं. कुणाला किती साखर लागते, हे चार-सहा खेपांशिवाय कळत नाही. त्यातून अर्धा चमचा ध्यानात राहतो तो फक्त रोजच्या गिऱ्हाइकाचा.

त्याने टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," नवांग म्हणाला. "मला किती साखर लागते, ते तुम्हा दोघांपैकी कुणीच विचारलं नाही."