शैलाचं गोड वागणं

चौऱ्याहत्तर वर्षांच्या मथुराबाईंच्या नाकावरची पुळी चार महिने झाले तरी बरी होईना, तोंड धुताना रक्त यायचं, म्हणून लेक शैला त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे पुळीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर शैलाला बाहेर घेऊन गेले, आणि तेव्हापासून ती भलतीच गोड वागू लागली. एरवी साखरेवरून ओरडणारी मुलगी स्वतःहून जिलेबी पुढे ठेवते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मथुराबाईंनी ओळखलं.

पुढच्या खेपेला शैला औषधं आणायला गेली, तशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हिला बाहेर नेऊन काय सांगितलंत?"

"कातडीचा कॅन्सर आहे, आजी. पसरलेला नाही, काढता येईल. तुम्हाला सांगू नका, असं ती म्हणाली होती."

"मला कळलंय," असं मथुराबाईंनी शैलाला सांगून टाकलं. ऑपरेशन झालं. कानामागची कातडी नाकाला लावली. "आई, कॅन्सर सगळा निघाला," शैला रोज सांगे. पण आधी लपवणाऱ्या मुलीचं आता किती खरं मानायचं, असं मथुराबाईंना वाटे.

टाके काढले त्या दिवशी शैला म्हणाली, "छान दिसतंय नाक."

"खरं सांग."

शैला घुटमळली. "थोडं वाकडं झालंय."

"मग कॅन्सर गेला म्हणतेस, तेही खरंच असेल," मथुराबाई म्हणाल्या.