ओट्याचा उतार

"पाण्याला वाट ठेव, पोरी. नाहीतर बर्फ वितळलं की लाकूड आतून कुजतं." लहानपणी मी खिळे पुढे करायची, तेव्हा बाबा म्हणायचे. यंदाच्या उन्हाळ्यात, एकट्या राहणाऱ्या बाबांच्या दारातला कुजलेला लाकडी ओटा मी नव्यानं बांधायला घेतला. फळ्यांमध्ये फटी ठेवल्या, ओटा भिंतीपासून बोटभर दूर धरला. तरी त्यांचं समाधान होईना.

"उतार कमी पडतोय, पोरी. काढ त्या फळ्या."

पुन्हा काढायला सांगितल्या, तेव्हा मी हातोडी खाली टाकली. "अख्ख्या हेलसिंकीत माझे ओटे टिकतात, बाबा. तुमच्याच दारात काय पाप केलंय मी?"

कॉफीचा कप हातात फिरवत ते समोरच्या तळ्याकडे वळले.

"काम झकास आहे गं. पण शेवटची फळी ठोकलीस, की तू निघशील."