प्लास्टर

टीवायची परीक्षा संपली होती. पुढे काय करायचं हे ठरत नव्हतं, म्हणून अनुजा लालबागच्या एका समर कॅम्पमध्ये मुलांना कराटे शिकवत होती.

त्या दिवशी लहानग्या ओवीला न्यायला तिचा बाप आला. चप्पल सापडत नाही म्हणून त्याने सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली वाजवली आणि केस धरून तिला भिंतीवर आपटलं. अनुजा मध्ये पडली. त्याने तिच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला, तरी तिने त्याचा हात पिरगळून त्याला फरशीवर लोळवलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मुलांनीही ऐकला.

"पालकांवर हात उचलतेस? उद्यापासून येऊ नकोस," कॅम्पचे सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुजलेला ओठ घेऊन अनुजा घरी बसली होती. आता कोण काम देणार, हेच डोक्यात होतं. तेवढ्यात पत्ता विचारत एक म्हातारी दारात आली.

"मी ओवीची आजी. काल तू मोडलास तो माझ्या मुलाचा हात."

अनुजा घाबरून उभी राहिली. म्हातारीने पदर सरकवून दंडावरचे काळेनिळे डाग दाखवले.

 

"त्याचं प्लास्टर निघायच्या आत मलाही शिकव गो बाय."