पाठमोरे भोई

मॅनिफोल्डचा शेवटचा नट आवळून मुंजाजीनं मनगटानं घाम पुसला, तोच काठावरून हाक आली.

"मेकॅनिक, झालं का? दिवस मावळायच्या आत मला पलीकडं पोचायचंय."

हाक दिनकरराव साहेबांची. सरकारी मोटरनाव तपासायला ते मानवतहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आले होते, आणि पलीकडच्या काठावर त्यांची जीप येऊन थांबली होती. बॅगेतला कागद त्यांनी आल्या आल्याच दाखवला होता. आज नाव त्यांना घेऊन पलीकडं गेली, तर इथंच राहील. नाही गेली, तर उद्या ट्रकवर चढून नांदेडला जाईल. नाव गेली की मुंजाजीची नोकरीही तिच्याच मागं जाणार.

"झालंच, साहेब!" मुंजाजी म्हणाला आणि पुन्हा इंजिनापुढं वाकला.

चार महिने त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. उन्हाळ्यात गोदावरी आटली की नाव वाळूवर ओढायची, चोरांच्या भीतीनं पितळेचं म्हणून जे जे असेल ते घरी नेऊन ठेवायचं, आणि इंजिन खोलायचं, हा मोटरनाव आल्यापासूनचा नेम. यंदा मॅनिफोल्डनं जीव खाल्ला. इंजिनाच्या कुशीला बसणारी ती बिडाची चौतोंडी नळी, चारी तोंडांचा धूर गोळा करून नळकांड्यातून बाहेर सोडणारी. तिचे नट असे गंजले होते की आठ दिवस रॉकेल पाजलं तेव्हा कुठं हलले. आत काजळी एवढी निघाली की तालुक्यातल्या सगळ्या लेकरांना बारशापासून लग्नापर्यंत तीट पुरली असती. वर एक चीर. ती जोडून आणायला परभणीच्या तीन चकरा. पाणी वाढून नाव तरंगायला लागली, तरी मॅनिफोल्ड काही जाग्यावर बसेना.

त्यानं हँडल मारलं. इंजिन खोकललं, पेटलं, आणि मॅनिफोल्डच्या सांध्यातून भसाभस धूर आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हे असंच चालतं काय?"

"पॅकिंग सरकलं, साहेब. अर्धा तास द्या."

चिंचेखालून कुणीतरी फस्सकन हसलं. तिथं सासरा बसला होता. चंद्रभान भोई. पिढ्यान्‌पिढ्या हा उतार त्याच्या घराण्याचा. मोटरनाव आली आणि त्याची उताराची मोठी वल्ही आढ्याला लागली, होडी उरली ती मासे धरण्यापुरती. तेव्हापासून दोन वर्षं जावयाशी शब्द नाही. बोलायचंच झालं तर झाडाशी बोलायचा.

"चिंचाबाई," चंद्रभान म्हणाला, "वल्ह्याला कंदी पॅकिंग लागलं न्हाई बग!"

शेजारचे चार भोई खिदळले. मुंजाजीनं दात आवळले आणि नट पुन्हा सोडायला घेतले. तांब्याच्या पत्र्याचं नवं पॅकिंग कापलं, बसवलं. मधले नट आधी, मग कडेचे, एकेक आटा, नाहीतर नळी पुन्हा तडकायची.

तेवढ्यात सारजा धापा टाकत घाटावर आली. त्याची बायको. लुगड्याखाली कमरेला काहीतरी जड धरलेलं, हाताला ज्वारीचा भुसा.

"आवं, जरा ऐकता का?"

"आता न्हाई!"

"आवं, पर तुमी इसरलात..."

"भाकर इसरलो तं इसरलो, मागनं खाईन! साहेब उभे हायेत, दिसंना का तुला? जा घरला!"

सारजा मग तडक बापाकडं गेली. दोघांची डोकी जवळ आली. चंद्रभाननं एकदा नावेकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

थोड्या वेळानं नाव हलली. मुंजाजीनं डोकं वर काढलं, तर सासरा छातीभर पाण्यात, नावेच्या नाकाशी काहीतरी चाचपतोय.

"ओ मामा! काय करायलाव तिथं? हात लावू नगा नावंला!"

चंद्रभान पाण्यातून आपल्या होडीत चढला. चारी भोई पायाशी एक पोतं ठेवून आधीच बसले होते. होडी सपासप पलीकडं निघाली.

मुंजाजीनं उरलेले नट आवळेस्तोवर ती पलीकडं लागलीसुद्धा. म्हाताऱ्यानं भोक तर पाडलं नाही? तळ बघायला उतरावं, तर साहेब पाय आपटत नावेत चढलेसुद्धा.

"आता नाही तर नांदेड, मेकॅनिक."

त्यानं खंडोबाचं नाव घेतलं आणि हँडल मारलं. इंजिन धडधडलं. सांधा कोरडा ठाक! सगळा धूर शिस्तीत नळकांड्यातून. त्यानं काठाचा दोर सोडला. नाव जागची हलेना. एक, दोन, तीन... मुंजाजीनं आणखी वेग दिला. आणि मग हलकेच नाकाला हिसका बसून नाव निघाली.

धारेत बाजूला रेटली जायची, पण पुढं सरकतच राहिली. मागं ना फेस, ना खळबळ.

"वा!" साहेब म्हणाले. "इंजिन ओरडतं फार, पण नाव कशी लोण्यासारखी चाललीय!"

मुंजाजीनं समोर पाहिलं. पलीकडच्या वाळूत सासरा आणि चारी भोई नदीकडं पाठ करून, माना खाली घालून, एकामागं एक चढाला चालले होते. जावयाचं यश बघवत नव्हतं म्हाताऱ्याला. मुंजाजीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

नाव वाळूला लागली. साहेबांनी कागदावर सही ठोकली, पाठ थोपटली, आणि जीप धुरळा उडवत गेली.

मुंजाजीनं फुशारकीनं इंजिन पुन्हा सुरू केलं. नाव मागं पाण्यात ढकलून घेतली आणि वेग दिला. इंजिन कोकललं, नळकांडं धूर ओकलं. नाव तसूभर हलेना.

"मामा!" तो वाळूत उडी मारून ओरडला. "माज्या नावंला काय केलंत?"

चंद्रभान चढावरून खाली आला. खांद्याचं सालटं निघालेलं, तळवे रक्ताळलेले, हातात ओलं दोरखंड. त्याचं दुसरं टोक नावेच्या नाकाखालच्या कडीला बांधलेलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो जावयाच्या तोंडाकडं बघून बोलला.

"लेकीला ज्वारीच्या कनगीच्या तळाला घावलं. बशिवता का आता, जावईबापू, का परत वडीत न्यावं?"

त्यानं होडीतलं पोतं उचलून मुंजाजीच्या पायाशी उलटं केलं. नावेला पाण्यात पुढं ढकलणारा तीन पात्यांचा पितळी पंखा वाळूत पडला, आणि पात्यांच्या बेचक्यांतून ज्वारीचे दाणे गळाले.