पाच नारळांचा नवस

नवसाचे पाच नारळ शेवंतीबाई गुपचूप पिशवीत भरत होत्या, तेवढ्यात लेकाने पाहिलं आणि त्याला भरूनच आलं. विमान कंपनीने मंदीचं कारण सांगून त्याच्यासकट सगळ्या पायलटांना घरी बसवलं होतं. नोकरी परत मिळावी म्हणून आई नवस बोललेली दिसते! “मी पण येतंय देवळात,” तो म्हणाला. शेवंतीबाई नको म्हणेपर्यंत त्याने चपला घातल्यासुद्धा.

गुरवाने नारळ देवापुढे ठेवले, हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! आभाळाचो काय भरवसो? पायलटाक खाली उतरव, घराक आण, असा मागणा ह्या आवशीन, शेवंतीबाईन, गेल्या वर्साक केल्यान. ता तू पुरा केलंस, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” जमलेली मंडळी एका सुरात म्हणाली.

जोडलेले हात तसेच ठेवून लेक आईकडे वळला. “आये, माझा जावंदे. पण बाकीच्या चाळीस पायलटांनी तुझा काय वाकडा केल्यानी?”

शेवंतीबाईंनी चोरट्या नजरेने देवाकडे पाहिलं.

“नाव सांगूक इसारलंय रे,” त्या पुटपुटल्या. “नुसता ‘पायलटाक उतरव’ म्हटलंय.”